हरकती-सूचनांची खिडकी : मुंबईच्या विकास आराखडा २०३४ मधील लोकसहभागाचे परीक्षण

महानगरपालिकेच्या सेवा म्हटल्या की पाणी, कचरा, दवाखाने, शाळा आणि रस्ते एवढेच डोळ्यांपुढे येते. शहराच्या पुढच्या २० वर्षांचा आराखडा करताना रहिवाशांना, व्यावसायिकांना आणि संस्थांना विचारणे हीसुद्धा पालिकेने पुरवायची सेवा आहे. तिच्यासाठी कायद्याने मुदती ठरवल्या आहेत, अर्ज आहेत, सुनावण्या आहेत आणि तिचा खर्च करदात्याच्याच खिशातून जातो. तरीही थाळीपासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळ्याला गुण देणारे आपण या सेवेला कधी गुण देत नाही. येथे ते करायचे आहे, आणि त्यासाठी बृहन्मुंबईचा विकास आराखडा २०३४ निवडला आहे, कारण या एका आराखड्यासाठी पालिकेला ही सेवा दोनदा द्यावी लागली : एकदा २०१५ पर्यंत, आणि तो मसुदा बाजूला पडल्यानंतर पुन्हा एकदा. शहर तेच आणि कायदाही तोच. कामाची पद्धत मात्र बदललेली. परीक्षण करणाऱ्याला याहून सोयीची तुलना मिळणे अवघड आहे.

आधी कायदा काय देऊ करतो ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाने कलम २३ खाली आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करायचा, कलम २५ खाली शहरातील जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा करायचा, कलम २६ खाली प्रारूप आराखडा, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवायच्या, कलम २८ खाली नियोजन समितीने सुनावणी घ्यायची, आणि मग आराखडा शासनाकडे मंजुरीला पाठवायचा. मुंबईसाठी प्रारूपावर हरकती घेण्याची मुदत ६० दिवसांची असते. या साखळीत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. नागरिकाला खऱ्या अर्थाने तोंड उघडण्याची जागा मिळते ती नकाशा आखून, रंगवून, छापून झाल्यावर. इरादा जाहीर होतो तेव्हाही सूचना मागवल्या जातात, पण त्या वेळी समोर काहीच नसल्याने बहुतेकांना काय लिहावे हेच कळत नाही. इरादा आणि प्रारूप यांच्या मधल्या काळात, म्हणजे ज्या काळात आराखडा प्रत्यक्षात घडत असतो त्या काळात, कोणाला विचारावे असे बंधन कायदा घालत नाही. मुंबईने त्या मधल्या काळात स्वतःहून काही केले, आणि माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

२०१४ ते २०३४ या काळाच्या आराखड्यासाठी पालिकेने बाहेरच्या सल्लागारांकडून सर्वेक्षण करून घेतले आणि सध्याच्या भूवापराचे नकाशे प्रारूपाच्या कितीतरी आधी लोकांसमोर ठेवले. ते नकाशे चुकांनी भरलेले होते. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी आणि वॉर्डावॉर्डातील रहिवाशांनी नकाशा हातात धरून प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी केली, आणि कुठे शाळा दाखवायची राहिली आहे, कुठे मैदानाचा वापर भलताच नोंदला आहे, कुठे बाजार गायब झाला आहे, हे ठिकाणांसह लिहून दिले. हे काम दिसायला रटाळ आहे. त्यात घोषणा नाहीत, वर्तमानपत्रात मोठा मथळा होईल असेही काही नाही. पण आराखड्याचे गणित सध्याच्या सोयींच्या मोजणीवर उभे असते : एखाद्या भागात किती शाळा कमी आहेत हे आज किती शाळा आहेत त्यावरून ठरते आणि त्यावरून नव्या शाळेचे आरक्षण पडते, म्हणजे तिच्यासाठी नकाशावर जागा राखली जाते. मोजणीतली शाळा चुकली तर आरक्षण चुकते, आणि आरक्षण चुकले की पुढच्या २० वर्षांत ते सरळ करताना सगळ्यांच्या नाकीनऊ येतात. सेवेच्या या टप्प्यावर सामान्य माणूस तज्ज्ञापेक्षा अधिक जाणतो, कारण आपल्या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे की गोदाम, हे सांगायला नगररचनेची पदवी लागत नाही.

याच काळात वेगवेगळ्या विषयांवर आणि वॉर्डांच्या पातळीवर कार्यशाळाही झाल्या. घरे, वाहतूक, मोकळ्या जागा, आरोग्य, शिक्षण, फेरीवाले, स्त्रियांच्या गरजा असे विषय मांडण्यासाठी संस्था आल्या, आणि ‘हमारा शहर मुंबई अभियान’ या नावाने झोपडपट्टीतील वस्त्यांपासून असंघटित कामगारांपर्यंत अनेक गट एकत्र येऊन बोलू लागले. एखाद्या भूखंडावरचे आरक्षण उठवा किंवा टाका यापलीकडची चर्चा या आराखड्याच्या निमित्ताने झाली असेल तर ती इथे.

एवढी तयारी झालेली असताना २५ फेब्रुवारी २०१५ रोजी प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा पाहून मुंबईकरांनी कपाळाला हात लावला. प्रार्थनास्थळांवरून आणि वसलेल्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा यादीतील वास्तू नोंदवायच्या राहिलेल्या, आरे वसाहतीचा मोठा भाग विकासासाठी खुला दाखवलेला, आणि काही रेल्वे स्थानकांच्या परिसरात चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा, थेट ८ पर्यंत नेलेला. सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या. मुदत संपायला अवघे तीन दिवस उरले असताना, २१ एप्रिल २०१५ रोजी, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा मसुदा बाजूला सारून चार महिन्यांत सुधारित आराखडा करण्याचे आदेश दिले. सुधारित मसुदा यायला प्रत्यक्षात वर्षाहून अधिक काळ गेला, हे ओघाने आलेच.

हा लोकांचा विजय म्हणून साजरा झाला, आणि तो होताही; पण परीक्षकाने इथे थोडे थांबावे असे मला वाटते. आधी कार्यशाळा झाल्या होत्या, भूवापराच्या चुका लिहून दिलेल्या होत्या, तरीही असा मसुदा बाहेर पडला याचा अर्थ ऐकणारे आणि आखणारे यांच्यात धागाच नव्हता. कार्यशाळेतली सूचना इतिवृत्तात जाते, इतिवृत्त अहवालाला जोडले जाते आणि नकाशावर काम करणारा माणूस दुसऱ्याच टेबलावर बसलेला असतो. सूचना कोणत्या नकाशापत्रावरच्या कोणत्या जागेबद्दल आहे, ती स्वीकारली की नाकारली, नाकारली तर का, असा तक्ता ठेवला गेला असता तर आखणाऱ्याला ती टाळता आली नसती. सेवा देणाऱ्याने ग्राहकाचे म्हणणे मन लावून ऐकले आणि कागद फाईलला लावला, एवढाच प्रकार झाला. खरे तर ६५ हजार हा आकडा प्रतिसाद उत्तम असल्याचे लक्षण मानण्याऐवजी मधला टप्पा वाया गेल्याची पावती मानला पाहिजे.

दुसऱ्या खेपेला पालिकेने पुणे महापालिकेचे माजी आयुक्त रामनाथ झा यांना विशेष कार्याधिकारी म्हणून नेमले आणि काम बरेचसे घरातच आणले. या खेपेतला शहाणपणा असा की सगळा आराखडा एकदम लोकांच्या अंगावर टाकला नाही. आधी अस्तित्वातील सोयींच्या नोंदी, मग प्रस्तावित रस्ते, मग आरक्षणे, आणि विकास नियंत्रण नियमावलीचा मसुदा असे भाग टप्प्याटप्प्याने खुले करून त्यांवर म्हणणे मागवले. रस्त्याचा आक्षेप रस्त्याच्या वेळी आला, मैदानाचा मैदानाच्या वेळी. २७ मे २०१६ रोजी सुधारित प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर आलेल्या वैध हरकती-सूचना सुमारे १३ हजार होत्या. आकडा असा एकदम खाली आला त्यामागे काही प्रमाणात लोकांचा थकवाही असणार, हे मान्य केले पाहिजे. एका शहराने तीन वर्षांत किती वेळा नकाशे पाहायचे? तरीही आधीच विचारून दुरुस्त केलेल्या चुका पुन्हा हरकत बनून येत नाहीत, हा या घसरणीचा मोठा भाग आहे असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष खिडकीपाशी जाऊ. हरकत नोंदवायची तर जागा ओळखावी लागते, आणि जागा ओळखायची पालिकेची रीत म्हणजे प्रशासकीय विभाग, नकाशापत्राचा क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक, ज्याला मुंबईत सगळे सीटीएस नंबर म्हणतात. या आराखड्याच्या वेळी मुंबईचे २४ प्रशासकीय विभाग होते. त्यातला आपला ‘के पूर्व’ की ‘के पश्चिम’ हे बहुतेकांना पाणीपट्टीमुळे किंवा निवडणुकीमुळे माहीत असते. सीटीएस नंबर मात्र ज्याच्या नावावर मालमत्तापत्रक आहे त्यालाच तोंडपाठ असतो. पुढे नकाशावर सांकेतिक अक्षरे येतात : ‘आरई १.१’ म्हणजे महापालिका शाळेचे आरक्षण, ‘आरओएस १.४’ म्हणजे खेळाचे मैदान, ‘आरओएस १.५’ म्हणजे उद्यान. पहिले ‘आर’ आरक्षणाचे, म्हणजे ती सोय अजून व्हायची आहे; झालेल्या सोयीचे अक्षर वेगळे. हा भेद ज्याला कळला नाही तो आपल्या घराजवळच्या चालू मैदानाला धोका आहे असे समजून हरकत घेतो, किंवा उलट, मैदान झालेच आहे असे समजून स्वस्थ बसतो. वास्तुविशारद आणि विकासक यांची माणसे हे सगळे रोजच हाताळतात. ग्राहकांच्या दोन वर्गांना एकच खिडकी आणि एकच अर्ज दिला की कोणाचे काम आधी होते, हे सांगायला नको. त्यात आराखड्याचे अहवाल आणि नियमावली मुळात इंग्रजीत. मराठी प्रतीची मागणी नगरसेवकांना आणि संघटनांना वेगळी करावी लागली, हे मुंबईच्या पालिकेला शोभणारे नव्हते.

अर्जाच्या घडणीचा आणखी एक परिणाम आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. अर्ज विचारतो, ‘जागा कोणती?’ त्यामुळे ज्याची जागा आहे तो बोलतो. स्वतःच्या भूखंडावरचे आरक्षण काढा, रस्त्याची रुंदी कमी करा, रस्ता शेजारच्या बाजूने न्या, अशा हरकती ओघाने येतात, आणि त्या गैर नाहीत. माणसाची मिळकत जात असेल तर त्याने ओरडलेच पाहिजे. पण भाड्याने राहणारा, फुटपाथवर धंदा करणारा, वस्तीतल्या सार्वजनिक नळावर पाणी भरणारा, किंवा कल्याण, ठाणे, वसई-विरारहून रोज लोकलने येऊन या शहरात आयुष्यातला निम्मा जागेपणीचा वेळ घालवणारा कर्मचारी, यांच्याकडे लिहायला सीटीएस नंबर नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि त्यातले ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्या वस्त्यांतल्या बालवाड्या, सार्वजनिक शौचालये, दवाखाने, कारखानदारी नकाशात धडपणे उतरत नाही, ही तक्रार दोन्ही खेपांत कायम राहिली. कोळीवाड्यांचेही तेच. घरे दाखवली तर मासळी सुकवण्याच्या जागा आणि होड्या लावण्याच्या जागा राहिल्या, आणि सीमांकनाचे घोंगडे भिजत पडले. शिवाय ज्या भागांसाठी विशेष नियोजन प्राधिकरणे, म्हणजे पालिकेऐवजी तिथले नियोजन करणाऱ्या वेगळ्या संस्था, आहेत, उदाहरणार्थ वांद्रे-कुर्ला संकुल, तिथल्या नियोजनाची चर्चा या खिडकीवर होतच नाही. रहिवाशाला मात्र शहर अखंडच दिसते. विमानतळाच्या कुंपणाशी किंवा संकुलाच्या हद्दीशी आराखडा थांबतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

सुनावणीविषयी साधा हिशोब मांडून पाहावा. १३ हजार अर्जदारांना प्रत्येकी पाच मिनिटे दिली तर ६५ हजार मिनिटे होतात, म्हणजे सुमारे १,०८३ तास. दिवसाला सहा तास सुनावणी धरली तरी १८० कामाचे दिवस लागतात. कायद्यातील नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि त्यांच्या जोडीला तज्ज्ञ असतात. त्यांनी उठून दुसरे काही न करता नऊ महिने ऐकत बसावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. म्हणून अर्जांचे गट पाडले जातात, सारख्या मजकुराच्या अर्जांना एकत्र बोलावले जाते आणि एकेकाच्या वाट्याला जे येते ते आपली बाजू वाचून दाखवण्याइतके. मी या सुनावण्यांना नावे ठेवत नाही. कायद्याने त्यांच्यावर टाकलेले ओझेच अचाट आहे. अडचण वेगळी आहे. सुनावणी झाल्यावर अर्जदाराच्या हातात कारणांसह उत्तर पडत नाही. समितीचा अहवाल जातो, पुढे आराखडा बदललेला किंवा न बदललेला दिसतो, आणि आपले म्हणणे कोणत्या कारणाने टिकले वा पडले हे ज्याचे त्याने नकाशात शोधायचे. बँक, विमा कंपनी किंवा गॅस एजन्सीने तक्रारीला असे उत्तर दिले असते तर आपण त्यांना ग्राहक मंचात खेचले असते.

समितीनंतरचे दोन टप्पे नागरिकाच्या दृष्टीने आणखी अंधारे आहेत. पालिकेच्या सर्वसाधारण सभेने जुलै २०१७ च्या अखेरीस आराखड्याला मंजुरी दिली ती २६६ दुरुस्त्यांसह. लोकप्रतिनिधींना दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार आहे आणि असायलाच हवा. परंतु हजारो नागरिकांनी अर्ज भरून, रांगेत उभे राहून मांडलेल्या गोष्टी ज्या चाळणीतून गेल्या, त्या चाळणीतून या दुरुस्त्या गेल्या नाहीत. त्यानंतर राज्य शासनाने ८ मे २०१८ रोजी आराखडा मंजूर केला तोही सगळा एकदम नव्हे. ज्या बाबतींत शासनाला ठळक बदल करायचे होते त्या ‘वगळलेला भाग’ म्हणून बाजूला काढल्या आणि त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या. आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. म्हणजे २०१४ पासूनच्या २० वर्षांतली चार वर्षांहून अधिक मुदत मंजुरीतच सरली, आणि काही भागांचा निकाल त्याही पुढे लांबला. मुंबईचा आधीचा आराखडा १९८१ ते २००१ साठी होता आणि तो १९९० च्या दशकात तुकड्यातुकड्याने मंजूर झाला होता, हे पाहता २०१८ ही प्रगतीच म्हणावी लागेल.

मग या सगळ्यातून शहराच्या पदरात काही पडले का? पडले, आणि ते नेमके दाखवता येते. स्त्री-संघटनांनी विषयवार चर्चांमधून आणि पुढच्या पाठपुराव्यातून जे लावून धरले, त्यामुळे सामाजिक सोयींच्या यादीत नोकरदार स्त्रियांसाठीची बहुउद्देशीय निवासव्यवस्था, कौशल्य प्रशिक्षणासह आधार केंद्र, पाळणाघरासारखी देखभाल केंद्रे, बेघरांसाठी निवारे अशी आरक्षणे दिसू लागली. पूर्वीच्या आराखड्यांत शाळा, बाग, बाजार, दवाखाना, स्मशानभूमी अशी ठरावीक यादी असे. ‘कामावर जाणाऱ्या बाईने मूल कोणाकडे ठेवायचे?’ हा प्रश्न नगररचनेचा आहे असे मानायलाच कोणी तयार नव्हते. आरेबाबतही पहिल्या मसुद्यातला विकासाचा प्रस्ताव दुसऱ्या खेपेला तसाच राहिला नाही, जरी पुढे मेट्रोच्या कारशेडवरून जे व्हायचे ते झालेच. या यशांचे मूळ शोधले तर ते कलम २६ च्या साठ दिवसांत फारसे सापडत नाही. नकाशा कोरा असताना झालेल्या बैठकांत आणि नंतर वर्षभर चिकाटीने केलेल्या पाठपुराव्यात ते सापडते.

तुलनेसाठी शेजारी पाहायचे तर पुणे आहेच. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा प्रारूप आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. सुनावण्या झाल्या, वाद झाले, आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा पालिकेच्या हातातून काढून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील तीन जणांच्या समितीकडे दिला. मंजुरी आली ती जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे आराखड्याची निम्मी मुदत उलटत असताना. पुणेकर हरकत घेण्यात कमी पडत नाहीत हे जगजाहीर आहे, तरी एवढ्या हरकतींनंतर निर्णय शेवटी तीन अधिकाऱ्यांच्या टेबलावर व्हावा, यात सेवा म्हणून गुण देण्यासारखे काही नाही. गोव्याचा मासला वेगळा आहे. २००६ साली जाहीर झालेल्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभे राहिले, २००७ च्या जानेवारीत तो आराखडा सरकारने मागे घेतला, आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या कृतिदलाने प्रादेशिक आराखडा २०२१ तयार करताना गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवून लोकांचे म्हणणे मागवले. गावाने आपल्या नकाशावर आपल्या हाताने खुणा करायच्या, ही कल्पना मुंबईच्या वॉर्ड कार्यशाळांच्या कितीतरी पुढे गेलेली होती. पुढे तोही आराखडा २०१२ साली स्थगित झाला आणि नंतर कायद्यात दुरुस्त्या करून भूखंडागणिक वापर बदलण्याची वाट काढली गेली, तेव्हा पद्धत चांगली असून भागत नाही हेही खरे.

महाराष्ट्रात गोव्याच्या या गावपातळीवरच्या पद्धतीच्या जवळ जाणारी तरतूद कागदावर आहे. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे मतदारांच्या छोट्या गटाच्या सभेची, सोय २००९ सालीच झाली. तिची अंमलबजावणी व्हायची ती झालीच नाही. आणि मुंबईसह अनेक शहरांत मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे निवडून आलेली सभाच नव्हती. त्या काळात ज्या शहरांच्या आराखड्यांची कामे चालू राहिली तिथे स्थायी समितीचे तीन सदस्य आणायचे कुठून, हा प्रश्न केवळ तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता.

गुण द्यायचे झाले तर भूवापराच्या नकाशांची आगाऊ प्रसिद्धी आणि दुसऱ्या खेपेची टप्प्याटप्प्याने केलेली मांडणी यांना मी पाचपैकी चार देईन. विषयवार कार्यशाळांना तीन; त्या चांगल्या होत्या, पण पहिल्या खेपेला नकाशापर्यंत पोचल्या नाहीत. अर्ज, भाषा आणि खिडकी यांना दोन. सुनावणीला दोन, त्यातला एक गुण ऐकणाऱ्यांच्या सोशिकतेसाठी. सुनावणीनंतरच्या उत्तराला शून्य, कारण ती सेवा दिलीच गेली नाही.

ज्यांच्या शहराचा आराखडा पुढे येऊ घातला आहे त्यांनी ही सेवा वापरताना काही पथ्ये पाळावीत. प्रारूपाची वाट पाहत बसू नये. कलम २३ चा इरादा जाहीर झाला की नगररचना विभागाकडे सध्याच्या भूवापराच्या नकाशाची मागणी करावी आणि आपल्या भागाचे नकाशापत्र घेऊन पायी फिरावे. चूक सापडली की जागेचे छायाचित्र, जवळची खूण, सीटीएस किंवा गट क्रमांक आणि वापर किती काळापासून आहे हे एका पानात लिहावे. तीन पानांचे निवेदन कोणी वाचत नाही. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी आणि आवक क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढे सुनावणीचे पत्र आले नाही तर तोच एक पुरावा असतो. सोसायटीच्या नावाने छापील मजकुराच्या शंभर सह्या पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे पाच अर्ज अधिक उपयोगी पडतात, कारण सारख्या अर्जांचा गट एकच होतो आणि वेळही एकच मिळतो. आरक्षण काढण्याची मागणी असेल तर ती सोय परिसरात दुसरीकडे कुठे होऊ शकते हे सुचवावे. समितीला नुसता नकार लिहिण्यापेक्षा बदल लिहिणे सोपे जाते.

आराखडा मंजूर झाला म्हणजे खिडकी बंद झाली असेही समजू नये. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतात, आणि मैदानाचे आरक्षण बदलणे, जमिनीचा वापर बदलणे, रस्त्याची आखणी सरकवणे अशा गोष्टी पुढची सगळी वर्षे या वाटेने चालू राहतात. त्यासाठी ना कार्यशाळा होते, ना वॉर्डात कोणी नकाशा लावतो. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहीर सूचना येते, त्यात भूखंडाचा क्रमांक आणि प्रस्तावित बदल दिलेला असतो, आणि हरकतीला मुदत एक महिन्याची असते. आपल्या भागाचे सीटीएस क्रमांक ज्या रहिवासी संघाने आधीच लिहून ठेवले आहेत, त्याला ती सूचना वाचताच कळते की बोलायला जायचे आहे की नाही.